बापाच्या जागी मामा

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाचं लिहिलेलं असा लागते, पुढं कामी येते.
उपवर-वधू परिचय मेळाव्याचं ॲप मलेच मिळालं. मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मणराव नगराळे स्वतः बोरगावले घरी आलते. फुकट करून देशील का म्हणे. समाजसेवा म्हणून हो म्हटलं. मेळावा १९ तारखेले, सेवाग्राम रोडवरच्या हॉलमधी. एकशे चौऱ्याऐंशी बायोडाटे.
त्यातला एक पौर्णिमा ताकसांडेचा. दवाखान्यात लॅब टेक्निशियन, उंची पाच-तीन, फोटोत हसून राह्यली. समाजसेवेचा आणि याचा काही संबंध नाई. माहं वय एकतीस. आई म्हणते तेहतीस.

७ जानेवारी
ॲपमधी दोन स्क्रीन. पहिलीवर नावं. नावावर बोट ठेवलं की दुसरीवर पूर्ण बायोडाटा. आता माणसाची माहिती इकडून तिकडं अशीच जात नाई. इकडं तिचं गाठोडं बांधा लागते, तिकडं सोडा लागते. आतल्या वस्तूंवर चिठ्ठ्या नसतात. ज्या क्रमानं भरलं त्याच क्रमानं काढायचं, बस्स.
दीपमाला थूल, आमच्या ऑफिसातली ज्युनिअर, म्हणे सर, वरून एक ओळ टाका, पार्सलाइझ. मशीनच बांधते, मशीनच सोडते. मी हसलो. म्हटलं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यातला मी नाई. हातानं लिहीन.

१० जानेवारी
दोन दिवस लिहिलं नाई. कामात होतो.
संकल्प रोज चाळीस ओळी कोडचा होता. तीन दिवसांत अकरा झाल्या. लाइट गेलती. गेलती तासभरच, पण मूड दिवसभर येत नाई.

१२ जानेवारी, रविवार
गाठोडं पूर्ण. बासष्ट ओळी, सगळ्या माह्या. नाव, वडील, मामा, उंची, शिक्षण, मोबाईल. भरायचा भाग सकाळी लिहिला, काढायचा जेवण झाल्यावर. मधात आईनं वांग्याची भाजी केलती, त्यामुळे एक डुलकी झाली. डुलकीनंतर डोकं जास्त चालते.

१३ जानेवारी
टेस्टिंग. माहाच बायोडाटा टाकला. सगळं टाइप करत कोण बसते. नाव अश्विन, वडील अश्विन, मामा अश्विन, शिक्षण अश्विन. दुसऱ्या स्क्रीनवर पाह्यलं, जिथल्या तिथं अश्विन. एक चूक नाई.
दीपमाला म्हणे एखादा खरा बायोडाटा टाकून पाहा. म्हटलं, जे अश्विनले चालते ते एकशे चौऱ्याऐंशी लोकांले काऊन नाई चालणार. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पटलं असन.

१७ जानेवारी
निळा शर्ट इस्त्रीले दिला. पौर्णिमाचं नाव यादीत सगळ्यात वर घेतलं. लक्ष्मणरावांले सांगून ठेवलं की तिचा बायोडाटा उघडला की लगेच म्हणायचं, हे ॲप करणारा पोरगाही उपवर आहे. ते बरं म्हणे. फोनवर पुन्हा आठवण दिली. पुन्हा बरं म्हणे, पण आवाज चढला होता.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६
त्रिशरण-पंचशील झालं, तिथपर्यंत सगळं ठीक होतं.
लक्ष्मणरावांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. मोठ्या पडद्यावर आलं: पौर्णिमा ताकसांडे. वडील, श्रावण मून. मामा, प्रभाकर ताकसांडे. तिची आई लीलाबाई उभी राह्यली. माईक न घेता शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. म्हणे, श्रावण माहा पाठचा भाऊ आहे, नवरा नाई.
लक्ष्मणरावांनी घाईनं दुसरा उघडला. मग तिसरा. सगळीकडं तेच. भरताना वडील आधी भरले होते, काढताना मामा आधी काढला. आपल्याकडं सोयरीक म्हटली की लोक पहिले मामा विचारतात, आणि मी एकशे चौऱ्याऐंशी आयांचं लग्न त्यांच्या सख्ख्या भावांशी लावून बसलो होतो. काही बाया हसल्या. काही माणसं हसली नाईत.
मी म्हटलं नेटवर्क. मग म्हटलं फोन जुना आहे. मग म्हटलं प्रोजेक्टर. मागून कोणी म्हणे, प्रोजेक्टरले मामा कसा माहीत.
दीपमाला तिच्या आईसंगं आलती, तिचाही बायोडाटा आहे. तिनं माह्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला. माह्या बासष्ट ओळी खोडल्या, एक टाकली. पाच मिनिटांत सगळे बाप आपल्या जागेवर. टाळ्या पडल्या. त्यातल्या अर्ध्या माह्या.
लक्ष्मणरावांनी माहा बायोडाटा उघडलाच नाई. विचारलं तर म्हणे, चारी जागी अश्विन लिहिलेला खोटा फॉर्म म्हणून सकाळीच काढून टाकला.

२० जानेवारी
शांत डोक्यानं विचार केला. चूक दीपमालाची आहे. तिनं सांगितलं, पण जोर देऊन नाई सांगितलं.
संकल्प: पौर्णिमाले आपण होऊन फोन करायचा नाई. ॲपमधी खाली, बनवणारा म्हणून माहा नंबर आहे, तिचाच येईन. नाव तर तिच्या ध्यानात राह्यलंच असन.

२३ जानेवारी
नाई आला. ड्युटी असन.

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी १.१५
आला. पौर्णिमाचाच. दोन रिंग मुद्दाम जाऊ दिल्या.
तिनं विचारलं, दीपमाला थूल तुमच्याच ऑफिसात ना. स्वभावानं कशी आहे. पौर्णिमाच्या भावासाठी, रत्नदीपसाठी, घरच्यांनी दीपमाला पसंत केली. म्हणे, खरं काय ते सांगा, तुम्ही आम्हाले मोठ्या भावासारखे.
लई वाईट वाटलं. पाणी प्यालो. भांडखोर आहे म्हणून सांगावं, हे अगदी ओठावर आलतं. मग काय झालं कोण जाणे, खरंच सांगून टाकलं. म्हटलं, पोरगी सोनं आहे. आणि आजवर कोणाजवळ बोललो नाई ते तुम्हाले सांगतो, मेळाव्यातली चूक माही होती, दीपमालानं निस्तरली.
ती म्हणे, दादा, ते पूर्ण हॉलले माहीत आहे. मी दीपमालाचं विचारून राह्यली.