शहागडची बाजू

२ नोव्हेंबर, मंठा

पोचलो एकदाचा. मंठा हे गाव नुसतं नकाशावर नाही, तिथे खरोखर माणसं राहतात, याची आज खात्री झाली. खोली झकास आहे. खत-बियाण्यांच्या दुकानावर एक टेबल, एक खाट, दोन खिडक्या आणि खालून येणारा खताचा वास फुकट. मालकीण नंदाबाई दोन्ही वेळचं जेवण देणार आहेत. आजच्या ठेच्यानं कानातून धूर काढला, तरी भाकऱ्या चेपल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू.

इथे आलो तो स्वयंसेवक म्हणून. नोकरी गेल्यापासून पुण्यात आईचे उसासे ऐकत बसण्यापेक्षा हे बरं. एका कंपनीनं ‘सांगावा’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं आहे. इंटरनेट नको, मोबाइलचा टॉवर नको. नुसत्या रेडिओच्या पेटीवरून एका गावातला संगणक दुसऱ्या गावातल्या संगणकाशी बोलतो. पुरात टॉवर पडले तरी हे चालणार म्हणे. माल अजून कच्चा आहे, म्हणून आमच्यासारखे रिकामटेकडे तो आधी वापरून त्यातल्या चुका शोधणार. एक पेटी माझ्या टेबलावर, दुसरी गोदावरीकाठी शहागडला, आणि दोघींचं बोलणं पुढे ढकलणारी तिसरी घनसावंगीच्या पाण्याच्या टाकीवर. पुण्यातून हा कारभार अर्पिता नावाची मुलगी हाकते. ती फोनवर इतकी उत्साहात असते की मला तिची काळजी वाटते.

४ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरचं दर्शन झालं. पडद्याचे दोन अर्धे. वरच्यात आपलं लिहिलेलं, खालच्यात समोरच्याचं. पाठवायचं बटण नाहीच. समोरचा जे अक्षर दाबेल ते लगेच इकडे उमटतं, आणि त्यानं खोडलं तर खोडतानाही दिसतं. म्हणजे माणूस विचार करताना किती बावळट असतो ते थेट पाहायची सोय.

माझ्या नशिबी आलेला बावळट म्हणजे शहागडचे तातेराव गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगा भारत जालन्यात औषधाच्या दुकानात. एका बोटानं टंकतात. त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर माझा चहा पिऊन होतो. मी नियमाप्रमाणे ‘चाचणी सुरू’ असं लिहिलं. खाली अक्षरं रांगत आली: जेवलात का?

मी पुन्हा ‘चाचणी सुरू’ लिहिलं. त्यावर उत्तर: ते दिसलं. पण जेवलात का?

९ नोव्हेंबर

रोज तेच. जेवलात का, काय जेवलात, भाजी कोणती होती. मग त्यांचं स्वतःचं पुराण: पुलावर ट्रक कसा आडवा झाला, शेजारच्याचा कापूस कसा भिजला, गुडघा कसा धरला. मी ‘पोचलं’ एवढंच लिहितो आणि मोबाइलवर सिनेमा लावतो. त्यांना कळतही नाही. जगाचा संपर्क तुटला तर हा माणूस आपल्याशी बोलायला असणार, ही कल्पनाच पुरापेक्षा भयंकर आहे.

कंपनीची नियमावली त्यांना तोंडपाठ आहे. शिक्षकच ते. चाचणीच्या शेवटी दोघांनी बाजू बदलायची असते: मी शहागडला जायचं, त्यांनी मंठ्याला यायचं, आणि पुन्हा बोलायचं. खोट माणसाची आहे की जागेची, ते त्यावरून कळतं. त्याशिवाय चाचणी पुरी धरत नाहीत. गुरुजी या गोष्टीवर फार खूश आहेत. मंठ्याला ते तरुणपणी एकदा बाजाराला आल्ते म्हणे. एखाद्यानं काशीला निघावं तसं चाललं आहे.

आईचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तिलाही हेच विचारायचं असतं.

१६ नोव्हेंबर

आज बाजू बदलायची होती. जीपमध्ये बारदानासारखं कोंबून घेऊन शहागडला जायचं, कशासाठी, तर तिथून ‘पोचलं’ असं लिहायला. अर्पिताला सांगितलं की पाठ धरली आहे. गुरुजींनाही तेच लिहिलं.

खाली दोन-चार अक्षरं उमटली, ती खोडली गेली. मग आलं: काही हरकत न्हाई. तुमी आराम करा. माझी पिशवी भरलेलीच हाये.

१९ नोव्हेंबर

तातेराव गुरुजी गेले. सकाळी उठलेच नाहीत. अर्पितानं रडतच फोन केला. त्यांना तिनं प्रत्यक्ष एकदाच पाहिलं होतं. मी जरा वेळ पडद्यापुढे बसलो. खालच्या अर्ध्यात कालचा प्रश्न तसाच होता. मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. आता देऊन उपयोग काय.

दहाव्याच्या दिवशी शहागडला जाऊन त्यांची पेटी घेऊन ये, अशी अर्पिताची आज्ञा. म्हणजे शेवटी जीप चुकली नाहीच.

२८ नोव्हेंबर

आजचा तमाशा सविस्तर लिहून ठेवला पाहिजे.

आधी त्यांच्या घरी जाऊन पेटी काढली, वायर गुंडाळली. दाराशी एक कापडी पिशवी दिसली. त्यात इस्त्री केलेलं धोतर, स्टीलचा डबा, चष्म्याचं घर. भारत म्हणाला, दादांनी (गुरुजींना घरचे दादा म्हणत) मंठ्याला जायचं म्हणून भरलेली, कुणाला उचलवत नाही. मग मला घाटावर जावंच लागलं.

घाटावर भाताचा पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. आता कावळ्यानं शिवायचं. शिवला नाही, तर मेलेल्याचं काहीतरी राहून गेलं आहे असं धरतात. मग एकेक नातेवाईक हात जोडून शब्द देतो, आणि बरोबर शब्द मिळाला की कावळा खाली उतरतो. कावळे भरपूर होते. समोरच्या झाडावर बसून भाताकडे बघत होते, उतरत एकही नव्हता. भारतनं शब्द दिला की घर विकणार नाही. चुलतभावानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. वर्षश्राद्धाला गावजेवणाचा शब्द झाला, शाळेला पंख्यांचा झाला. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू. मला ते ताबडतोब पटलं, पण बायका रडायला लागल्या. दादा उपाशी जातील म्हणे.

माझी परतीची जीप निघायच्या बेतात होती. मी पुढे झालो, हात जोडले आणि चांगल्या मोठ्यानं म्हणालो, “गुरुजी, तुमची चाचणी राहिली ना? मी पुरी करतो. रोज बोलू, बाजूसुद्धा बदलू. कबूल. खा आता.”

माझे हात खाली यायच्या आत कावळा उतरला. एक नाही, झाडच रिकामं झालं. भारतनं माझे पाय धरले. सगळे माझ्याकडे बघून डोळे पुसत होते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

३० नोव्हेंबर

शहागडची पेटी माझ्या खाटेखाली आहे. बंद, बॅटरी काढलेली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना मलाच शंका नको.

दुपारी जेवून वर आलो तर खालच्या अर्ध्यात एकेक अक्षर उमटत होतं. एका बोटाच्या वेगानं. जेवलात का?

अर्पिताला फोन केला. ती म्हणाली, घनसावंगीच्या पेटीत जुना मजकूर अडकून राहिला असेल, तो आता सुटतो आहे. साधी चूक आहे, नोंद कर. कच्चा माल आणि कच्चे लोक. मी नोंद केली. क्षणभर घाबरलो होतो, त्याची लाज वाटली.

१ डिसेंबर

जुना मजकूर नाही.

मी लिहिलं, कोण आहे? खाली आलं: तातेराव. तुमच्या शब्दावर जेवलो. पोट भरलं. लई उपकार. आता चाचणी पुरी करू.

हा भारतचा चावटपणा, असं धरून त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं की मी गंमत केली होती, जीप गाठायची होती, माझा शब्द मी परत घेतो.  तो म्हणाला, “घाटावरचा शब्द परत घेता येत न्हाई, सर. घास शिवला ना. आम्ही कुणीच दादांशी बोलत नव्हतो. तुमी बोलतो म्हणलात, म्हणून तर सुटलो आम्ही.”

सुटलो म्हणे. गावठी माणसं! लग्नपत्रिकेत मेलेल्या आजोबांचं नाव छापावं तितक्या सहजपणे हे लोक भुतं मानतात. उद्या सामान बांधून पुण्याला चालता होतो.

२ डिसेंबर

निघालो नाही. सकाळपासून भूक लागली आहे, विचित्र. नंदाबाईंच्या चार भाकरी खाल्ल्या तरी पोटात काही पडलंच नाही. चव नाही. ठेचा बोटानं चाटला, मातीसारखा लागला.

संगणकाची वायर काढून ठेवली होती. तरी काळ्या पडद्यावर अक्षरं आली. गुरुजी फार आनंदात आहेत. विचारतात, मंठ्याच्या बाजूला खिडकी कोणत्या दिशेला आहे, वारा येतो का, नंदाबाई भाकरी कशाची करतात. मी लिहिलं, मला सोडा. लिहिलं, मी शब्द दिलाच नाही.

खाली आलं: सर, बाजू बदलताना नियमाप्रमाणे दोघांना ‘कबूल’ लिहावं लागतंय. मी लिहिलंय. तुमचं घाटावर झालंय.

आणि वरच्या अर्ध्यात, माझ्या अर्ध्यात, ‘कबूल’ उमटलेलं होतं. माझे हात मांडीवर होते.

३ डिसेंबर

दुपारी नंदाबाईंनी माझं ताट वाढलं आणि उचलून अंगणातल्या भिंतीवर नेऊन ठेवलं. मी समोर बसलेला. हाक मारली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेल्या. ताटाजवळ कावळे बसले होते. शिवत नव्हते. मी हात लावायला गेलो तर — मलाही शिववेना. तेवढंच अंतर. घास दिसतो, तोंडापर्यंत येत नाही.

स्टँडवर पळालो. जालन्याची गाडी लागली होती. चढलो, बसलो. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. एक बाई आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसायला लागली. मी ओरडून उठलो. ती फक्त म्हणाली की सीट ओली कशी काय. माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली, नदीतून आल्यासारखी. वाळू.

खाली उतरलो, परत खोलीवर आलो. जाऊ कुठे — माझ्याशी बोलणारं आता तेवढं एकच उरलं आहे.

४ डिसेंबर, सकाळ

अर्पिताला फोन. ती म्हणते, नुसता वाऱ्याचा आवाज येतो. आईला लावला. ती हॅलो हॅलो म्हणाली, माझं नाव घेतलं, मग ठेवला. भीती वाटते. लिहून टाकतो, मला फार भीती वाटते.

दाराशी कापडी पिशवी आहे. इस्त्रीचं धोतर. डबा. काल नव्हती.

गुरुजींना विनवलं. थोडे दिवस द्या, पाठ धरली आहे खरंच — खाली आलं: मागच्या बारीलाही पाठच धरली होती, सर. घाबरू नका. बाजूच बदलायची. इकडं काही त्रास न्हाई. फक्त कुणी बोलाय न्हाई.

४ डिसेंबर

दुपारी उलटं झालं. मी टंकतो ते खाली उमटतं. खालच्या अर्ध्यात. वर दुसरंच कुणी लिहितं आहे, हळूहळू, एका बोटानं —

पोचलो एकदाचा. खोली झकास हाये. ठेचा लई तिखट, पण —

ती माझी खोली आहे. जिन्यावर नंदाबाईंचा आवाज, वाढू का गुरुजी, म्हणून विचारतात — विचारतात त्यांना —

पायाखाली वाळू. ऊन. नदी. किती दिवस गेले, वही हातात आहे की नाही, कळत नाही — लिहितो आहे एवढं खरं —

समोर भात आहे. माझ्यासाठीच मांडलेला. आई उभी आहे. कुणी फोन केला तिला. झाडावर कावळे, मीही त्यांच्यात. मला उतरता येत नाही —

ती शब्द देते आहे. माझं कर्ज फेडीन म्हणते. पुण्यातली माझी खोली तशीच ठेवीन. नाही गं. ते नाही. ती माझ्या आवडीची एकेक गोष्ट आठवते आहे आणि तिला काहीच आठवत नाही, मी कधी सांगितलंच —

भटजी दर्भ काढतो आहे. थांब. आई, थांब. सोपं आहे. रोज विचारायचीस तेच, फोनवर, एकदाच म्हण, मी उत्तर देतो, या वेळी देतो, म्हण ना, जेवलास