बँडच्या बारशाला जेवलेला माणूस

४ जानेवारी, सकाळी

संकल्प: यंदा कुणावरही जळायचं नाही. जळण्याने ॲसिडिटी वाढते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, पण म्हणतात. मी त्यांच्याच दवाखान्यामागच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, त्यामुळे सल्ला फुकट.

४ जानेवारी, संध्याकाळी

संकल्प तात्पुरता स्थगित.

टीव्हीवर गादीची जाहिरात लागली होती. एक माणूस दमून घरी येतो, गादीवर अंग टाकतो आणि मागून गाणं सुरू होतं: 'खूप वेळ उभा होतास, आता आडवा हो.' आवाज ओळखीचा वाटला. घास हातातच राहिला. आपला बँड!

आपला म्हणजे माझा. मी या बँडच्या बारशाला जेवलोय. प्रोग्रेसिव्ह मेटल. म्हणजे गिटारी भरपूर, गाणं वीस मिनिटांचं, ठेका मधेच तेरा मात्रांचा आणि हॉलमध्ये माणसं ठेक्यापेक्षा कमी. त्या माणसांत मी कायम. पुढून पहिला, खांबाजवळ, उभा. गेली दहा-बारा वर्षं मी ओरडून सांगतोय की एक दिवस जग यांना डोक्यावर घेईल. घेतलं. पण घेण्याआधी मला विचारायचं तरी.

६ जानेवारी

जग म्हणजे खरोखरच जग. लिफ्टमध्ये तेच, बसमध्ये तेच, मुलीच्या मोबाइलची रिंगटोन तीच. आज हीसुद्धा भांडी विसळताना गुणगुणत होती. ही, जिने माझे हेडफोन एकदा 'चुकून' भंगारात दिले होते. म्हणाली, पूर्ण ऐका हो एकदा, शब्द फार चटका लावणारे आहेत, कुणाबद्दल तरी… मी कानांवर हात ठेवले. तत्त्वाचा प्रश्न आहे. गाणं चार मिनिटांचं. चार मिनिटांत पूर्वी यांचं नुसतं वातावरण तयार व्हायचं. शिवाय ध्रुवपद आहे. गाण्याचं नाव लिहून मी ही वही बाटवणार नाही.

संकल्प: ते गाणं पूर्ण कधीही ऐकायचं नाही.

७ जानेवारी

साडूचा फोन. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं गाद्यांचं शोरूम आहे. आणि जाहिरात तो ज्या कंपनीच्या गाद्या विकतो तिचीच! म्हणाला, साडूभाऊ, बँड एक नंबर आहे हं, तुम्ही ऐकलाय का कधी?

मी ऐकलाय का. याच माणसाने आमच्या घरात, जेवणाच्या ताटावर बसून, माझं आवडतं गाणं ऐकून विचारलं होतं की मिक्सरमध्ये खिळे पडलेत का. आता आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलाय.  फोन ठेवल्यावर दोन गोळ्या घ्याव्या लागल्या.

१० जानेवारी

शांतपणे विचार केला. हे यश आलं कुठून? उत्तर स्पष्ट आहे. माझ्यामुळे.

प्रत्येक कार्यक्रमानंतर बँडवाले टेम्पोत सामान चढवायचे, तेव्हा मी शेजारी उभा राहून फीडबॅक द्यायचो. सगळं सामान चढेपर्यंत, चांगला तासभर. पेट्यांना हात लावत नसे, कारण पाठ. शिवाय बोलताना मला हात मोकळे लागतात. इतर कुणी थांबायचंच नाही. ड्रमर ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. गायक थोडा शिष्ट. वर्षभरापूर्वी एकदा मी कोरस काढून टाका म्हटलं, तर त्याने मला चक्क जांभई दिली. त्या दिवसापासून मी बहिष्कार टाकला. वर्षभर एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. माझी किंमत कळावी म्हणून. पक्के हादरले असणार आणि त्या हादऱ्यातूनच यश आलं असणार.

मला पैसा नको, पास नको. एकच हवं. गायकाने एकदा, फक्त एकदा, माइकवर म्हणावं की हा माणूस पहिल्यापासून आमच्याबरोबर होता. साडू समोर असताना म्हणाला तर उत्तम.

१४ जानेवारी

लॅबमध्ये किरकोळ घटना.

डॉक्टरीणबाईंनी वेटिंग रूममध्ये ते गाणं लावायला सुरुवात केलीय. पेशंट शांत बसतात म्हणे. निषेध म्हणून मी आत हेडफोनवर जुनं गाणं लावून काम केलं, तेराच्या ठेक्याचं. एक ठोका, एक दात. सुरेख लय लागली. संध्याकाळी एक आजोबा नवी कवळी तोंडातून काढून टेबलावर ठेवत म्हणाले की एका बाजूने वारा जातोय. मोजले. वरच्या कवळीत चौदा हवेत, तेरा निघाले.

मी बाईंना समजावून सांगितलं की चौदाचा ठेका फार बाळबोध असतो. त्यांनी लॅबमध्ये हेडफोन बंद केले. आजोबा जाताना म्हणाले, बाहेर लागलंय ते गाणं मात्र झकास आहे. यांना दात नसताना चव कळते.

१९ जानेवारी

साडू घरी आला. अंगात बँडचा टी-शर्ट! काळा, कडक, कंपनीकडून फुकट मिळालेला. माझा टी-शर्ट पहिल्या कार्यक्रमाचा आहे. त्यावरचं चित्र धुऊन धुऊन गेलं, आता नुसतं काळं कापड उरलंय. ही त्याने पंखा पुसते.

सोफ्यावर बसून त्याने मला विचारलं की या चौघांमध्ये बास गिटार वाजवणारा नेमका कुठला. मी म्हटलं, जो ऐकू येत नाही तो. हसला. मग खिशातून पास काढले. कंपनीचं डीलर्सचं संमेलन आहे, बँड तिथे वाजवणार आहे, त्याला दोन पास मिळालेत, मेहुणीला डोकेदुखी होते, तर चलताय का?

माझ्याच बँडला मी याच्या बायकोच्या डोकेदुखीवर जायचं? स्वाभिमान नावाची काही चीज असते. स्पष्ट नाही म्हटलं. ही स्वयंपाकघरातून बघत होती.

१९ जानेवारी, थोड्या वेळाने

साडू लिफ्टपर्यंत पोहोचायच्या आत हो म्हणून आलो. बँडचा विचार केला. मी समोर दिसलो नाही तर त्यांचं वाजवण्यात लक्ष लागणार नाही. लोकांसाठी स्वाभिमान थोडा बाजूला ठेवायला मोठं मन लागतं.

२६ जानेवारी

तयारी. मला स्टेजवर बोलावणार हे गृहीत धरून दोन शब्द तयार केलेत. सुरुवात: 'मी काहीच केलं नाही.' मग पॉज. मग काय काय केलं ते. आरशासमोर म्हणून पाहिलं, पाऊण तास झाला. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला कुणी बोलावणार नाहीये. आजच्या पिढीला कृतज्ञता म्हणजे काय ते ठाऊक नाही.

संकल्प: साडूशी प्रेमाने वागायचं. स्टेजवरून त्याचंही नाव घ्यायचं, शेवटी, 'नातेवाईक' म्हणून.

३ फेब्रुवारी, सकाळी

काल संमेलन झालं. सगळं क्रमाने लिहितो.

हॉटेलचा हॉल. खांब नाही, मग मी उभा कुठे राहणार? सगळीकडे गोल टेबलं, कडेला गाद्यांचे नमुने. कोट घातलेले डीलर गाद्यांवर बसून उड्या मारून बघत होते. माझा बँड, ज्यांनी पाण्याचा थेंब न पिता दोन दोन तास वाजवलंय, त्यांनी मोजून तीन गाणी वाजवली. एकात तेराचा ठेका आला. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटा बरोबर मान हलवत होतो. शेजारच्या डीलरने साडूला विचारलं की यांना काही त्रास होतोय का.

मग गायकाने माइक घेतला. म्हणाला, ज्यांनी आम्हाला साथ दिली, ज्यांच्याशिवाय आज आम्ही इथे नसतो… मी उठलो. कोटाचं बटण लावलं. '…त्या सर्व डीलर बंधूंचे आभार, त्यांच्या वतीने पुढे यावं,' आणि साडूचं नाव! साडू माझ्या खांद्यावर हात टेकून उठला आणि स्टेजवर गेला. गुच्छ, फोटो, गायकाची मिठी. मी अर्धवट उभा. वेटरला वाटलं, मला पाणी हवंय. त्याने आणून दिलं. प्यायलो. काय करणार?

एवढ्यावर भागलं नाही. गायक म्हणाला, पुढचं गाणं आमच्या एका श्रोत्यासाठी, जो आज आपल्यात नाही, त्याच्यासाठी सगळ्यांनी क्षणभर उभं राहू या. सगळे उभे राहिले. मी तर होतोच. कोण मेला कोण जाणे. मनात आलं, मेलेल्यालासुद्धा माइकवर जागा मिळते आणि इथे जिवंत माणूस टेबल नंबर नऊवर पाणी पितोय. मग तेच गाणं सुरू झालं. तत्त्वाला जागून मी बाहेर जाऊन हात धुतले. गाणं संपेपर्यंत.

नंतर साडू मला बँडच्या खोलीत घेऊन गेला. त्याच्या गळ्यात कार्ड होतं, माझ्या नव्हतं. गायक बाहेर डीलर लोकांबरोबर फोटोत. आत ड्रमर एकटा काठ्या पुसत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या हातातल्या काठ्याच पडल्या. म्हणाला, 'सूचनाकाका?'

हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. मला काल कळलं.

तो उठला, माझा दंड चाचपला, मग मला घट्ट मिठी मारली. साडू बघत होता. दहा-बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, असं मला वाटलं. मी म्हटलं, मी काहीच केलं नाही. पॉज घेतला. पण ड्रमरने साडूला जरा बाहेर थांबायची विनंती केली, दार लावलं आणि मला खुर्चीत बसवलं.

'काका, तुम्ही यायचे बंद झालात. आम्ही हॉलच्या वॉचमनला विचारलं, तो म्हणाला ते खांबाजवळचे वारले. आम्ही चौघं त्या रात्री वाजवू शकलो नाही. रिकाम्या खांबाकडेच बघत बसलो. मग हे गाणं झालं. तुमच्यावरचं आहे ते. सूचना करणारं कुणी नव्हतं, म्हणून चार मिनिटांत संपलं.'

मी मनात ती ओळ म्हणून पाहिली.  खूप वेळ उभा होतास. म्हणजे मी. आता आडवा हो. तेही मीच. ती ओळ कंपनीला आवडली आणि मला गादीवर झोपवलं.

मी विचारलं, मग आता बाहेर जाऊन सांगायचं का सगळ्यांना? ड्रमरने काठ्या उचलल्या, पुन्हा पुसायला लागला. म्हणाला, गायकाने सगळ्या मुलाखतींत सांगून टाकलंय की तो माणूस गेला. लोक रडतात. कंपनीनेही तसंच छापलंय. आता तुम्ही समोर आलात तर आम्ही खोटे पडू. तुम्ही कुणाला बोलला नाहीत तर बरं होईल.

मी कबूल केलं. या बँडसाठी आजवर काय नाही केलं? आता मेलोसुद्धा.

बाहेर साडूने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, ठेक्याबद्दल बोलत होतो.

५ फेब्रुवारी

ही बाहेर गेली होती. गाणं लावलं. पूर्ण ऐकलं. मग पुन्हा.

चांगलं आहे. ध्रुवपदसुद्धा बरोबर जागी आहे. मी असतो तर काढायला लावलं असतं. त्यात एक माणूस आहे, थंडीत कुडकुडत टेम्पोपाशी उभा राहतो, आणि त्याच्या बडबडीमुळे चौघांना वाटतं की आपण मोठे कलाकार आहोत. जांभई देणाऱ्यानेच लिहिलंय. माझ्याबद्दल इतकं चांगलं मी स्वतःसुद्धा कधी बोललो नव्हतो.

ही आली तेव्हा माझे डोळे लाल होते. म्हणाली, सांगत नव्हते मी? ऐकायला नको तुम्हाला कुणाचं. मी म्हटलं, हो, चांगलं आहे. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि कपाळाला हात लावून ताप पाहिला.

९ फेब्रुवारी

सकाळी साडूचा फोन. गायकाची मुलाखत वाचली म्हणाला. रात्री मेहुणीला वाचून दाखवताना त्याचा आवाज बसला. कंपनी आता त्या श्रोत्याच्या स्मरणार्थ दरवर्षी एका नव्या बँडला पुरस्कार देणार आहे आणि वर्गणीची यादी साडूकडे आहे. त्याने माझं नाव न विचारताच घातलंय. मग म्हणाला, साडूभाऊ, ड्रमरने तुम्हाला ओळखलं, म्हणजे तुम्ही तेव्हा जायचात की कार्यक्रमांना. तुमची त्या श्रोत्याशी ओळख होती का?

मी म्हटलं, तोंडओळख होती.

म्हणाला, नशीबवान आहात, असा माणूस बघायला तरी मिळाला तुम्हाला. आणि फोन ठेवला.

मी आजवर पुष्कळांवर जळलो. साडूवर तर रोज. पण त्या मेलेल्या माणसावर जेवढा जळतोय, तेवढा आयुष्यात कुणावर जळलो नाही.