कोटाच्या बाहीतली अंगठी

मी, इस्त्रीच्या दुकानाची मालकीण, गिऱ्हाइकांची कडकताई, धडधाकट अंगानं आणि जाग्यावरच्या डोक्यानं हे लिहून ठेवते. डोकं आज आनंदानं जरा नाचतंय, पण वकीलबाई म्हणतात, तेवढं कायद्याला चालतं. काल कोर्टानं मला अंगठीच्या चोरीच्या खटल्यातून सोडलं. संशयाचा फायदा देऊन नव्हे हं, चक्क निर्दोष म्हणून!

कोठडीत एकच घोर होता. मी गेले तर दुकान थोरल्या भावाच्या घशात जाणार आणि धाकटी बहीण रस्त्यावर येणार. म्हणून आजच हे मृत्युपत्र.

१) माझे हक्क सगळ्यांनी वाटून घ्यावेत. पकडलं तर कशासाठी ते विचारावं, वकील मागावा, गप्प बसावं. पण माझ्याइतकं नको! मी पोलिसांपुढे गप्प, आणि वकीलबाईंपुढेही गप्प. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो कडकताई, माझ्याशी बोलायचं असतं!"

मग मी भडाभडा बोलले. खिशात सापडलेली वस्तू मी पुरचुंडीत बांधून बाहीच्या अस्तराला टाचते आणि कोट देताना सांगते. त्या दिवशी बंगलेवाल्या बाईंच्या कोटात अंगठी सापडली, पण कोट न्यायला आलेला त्यांचा ड्रायव्हर ऐकायला थांबलाच नाही. बाईंनी खिसे चाचपले, पोलिसांनीही खिसेच चाचपून कोट जप्त केला, आणि मी चोर! वकीलबाईंनी अर्ज केला, सीलबंद कोट न्यायाधीशांसमोर उसवला, तर अंगठी टुणकन सरकारी वकिलांच्या बुटापाशी. मी हसले म्हणून मला ताकीद मिळाली.

२) थोरल्या भावाला जामीन राहा म्हटलं, तर "बघू" म्हणाला. त्याला दुकानासमोरचं बाकडं. बसावं आणि बघावं.

३) बंगलेवाल्या बाईंवर अब्रुनुकसानीचा दावा लावायचा हक्क मला आहे. त्यांनी गिऱ्हाइकांदेखत माफी मागितली, तर तो हक्क मी घडी घालून ठेवीन. कोटही फुकट शिवून देईन.

४) दुकान, दोन्ही इस्त्र्या आणि वरची खोली धाकटीला. लोक "चोराची बहीण" म्हणत होते, तरी बयेनं एक दिवस दुकान बंद ठेवलं नाही.

ठिकाण: दुकानातलं इस्त्रीचं टेबल.
दिनांक: निकालाचा दुसरा दिवस.
सही: कडकताई

साक्षीदार:
१) वकीलबाई
२) ~~धाकटी बहीण~~ शेजारचा सायकलवाला (माझा जामीनदार)

खोडाखोडीचा खुलासा: धाकटी न वाचताच सही करायला बसली होती. म्हणाली, "दुकान दादालाच जाणार, मला ठाऊक आहे. पण ताई, तुझ्या कागदावर माझं नाव हवंच." वकीलबाईंनी तिचा हात धरला. "ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"मला काय मिळतंय?" असं म्हणून तिनं चौथं कलम वाचलं. आता दुसऱ्यांच्या चादरीत तोंड खुपसून रडतेय. त्या चादरी मला पुन्हा इस्त्री कराव्या लागणार.