पहिला मान पाटीला

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून शिस्त. पहाटे उठणे, अंघोळ, कर्नल. बाकी काही नाही.
उठायला उशीर झाला. पण उठल्या उठल्या ठरवलं, म्हणजे तसा वेळेवरच.
पुण्याची नोकरी सोडून कसबा बावड्यात येऊन बसलो, त्याला वर्ष होत आलं. काय करता, असं लोक विचारतात. मी सांगतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये काम करतो. लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. दबून जात असणार.
आता संधी आली आहे. बिद्रीजवळ माझी सासुरवाडी. तिथल्या दूध संस्थेला नवा इलेक्ट्रॉनिक काटा हवाय. चेअरमन म्हणजे माझ्या बायकोचे, अनुजाचे चुलते, गणपतराव तात्या. चौदा तारखेला डेमो. अनुजाने स्पष्ट सांगितलंय, जमलं तर इथंच राहायचं, नाही तर पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन करायचा. ती वेळ येणारच नाही. साहेबांचा नंबर डिलीट केला.
संध्याकाळी परत सेव्ह केला. संबंध ठेवावेत.

५ नोव्हेंबर
इंटरप्ट नीट समजून घेतले. म्हणजे येत होतेच. प्रोसेसर आपल्या कामात असतो, तेवढ्यात एखादं यंत्र हाक मारतं: ते ठेव, आधी माझं बघ. ही हाक म्हणजे इंटरप्ट. कुणाच्या हाकेला आधी ओ द्यायची, ते कर्नलमध्ये नंबर लावून ठरवायचं. एक नंबरचा मान सगळ्यात मोठा.
माझ्या सर्किट बोर्डावर हाका मारणारे दोघंच, काटा आणि पावतीचा प्रिंटर. आमच्या घरात सहा जण मारतात. काटा एक, प्रिंटर दोन. झालं.
उरलेला दिवस विश्रांती.

७ नोव्हेंबर
तात्यांचा फोन. पावणं, काट्यावर एक पाटी बी बसवा की. आमचं नाव फिराय पायजे, लाल अक्षरात.
नाव व्हॉट्सअपवर आलं. नाव कसलं, निवडणुकीचं पत्रकच. सहकारमहर्षी, बळीराजाचे कैवारी, मग सगळी आजी-माजी पदं. पाटी उद्यमनगरातला माझा कॉलेजचा मित्र फरहान करतोय. नाव वाचून म्हणाला, आरं, हे संपायचं कवा?

१० नोव्हेंबर
पाटी आली. तिची तऱ्हा अशी की एक अक्षर सरकलं की हाक मारते, पुढचं द्या. नाव संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सारखी हाक.
आधी तिला तीन नंबर दिला. घरीच ट्रायल. अनुजाने काट्यावर दुधाची पिशवी ठेवली. नाव ‘मा. श्री. गण’वर अडकलं, वजन झालं, पावती निघाली, मग ‘पतराव’ आलं. अनुजा म्हणाली, छान चाललंय की.
चुलता चेअरमन असून तिला सहकार कळत नाही. चेअरमनचं नाव दुधासाठी थांबतं होय? पहिला नारळ कुणाचा, पहिला हार कुणाला, सगळं ठरलेलं असतं. पाटी एक नंबर केली. काटा दोन, प्रिंटर तीन. दोन-तीन ओळींचाच बदल, पण दूरदृष्टी लागते.
फरहान म्हणाला, ती पाटी गप बसत न्हाय, एक नंबर दिलास तर काट्याला कोण इचारणार? मधनं मधनं दाब तिला. दाबायचं कुणाला, तात्यांना? फरहान सर्किटचा माणूस. माणसं कळायला कर्नल कळावं लागतं.

११ नोव्हेंबर
पुन्हा ट्रायल घेणार होतो. घरातलं दूध संपलं होतं. शिवाय आत्मविश्वास असताना ट्रायल घेणं म्हणजे स्वतःचाच अपमान.

१३ नोव्हेंबर
भाषण तयार. विषय, ‘कर्नल आणि ग्रामीण महाराष्ट्र’. फरहानचे सारखे मेसेज, एकदा चेक कर. फोन बंद केला. एकाग्रता महत्त्वाची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
डेमो. मशीन सुरू व्हायच्या आधीच जावयाचा सत्कार. फेटा, शाल, नारळ. मग तात्यांनी बटण दाबलं. नाव फिरू लागलं. टाळ्या. तात्या गहिवरले. शेजारच्या तीन गावांचे चेअरमन बोलावले होते, ते टक लावून बघत राहिले.
तानाबाई या संस्थेच्या सगळ्यात जुन्या सभासद. त्यांनी पहिली किटली काट्यावर ठेवली. नाव फिरत होतं. वजन शून्य. मी म्हटलं, थोडं थांबा, प्रोसेस होतंय. नाव संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रांग रस्त्यावर गेली. तानाबाई म्हणाल्या, आवं पावणं, दूध घेताय का नाव वाचून दावताय? नाव आमास्नी पाठ हाय. किटली उचलून त्या जुन्या काट्याकडे गेल्या. मागोमाग अख्खी रांग गेली.
भाषण राहिलं.
जावयाला कुणी टाकून बोलत नाही. जेवताना सगळे म्हणाले, लई भारी झालं, आणि माझ्या ताटात मटण वाढत राहिले. परत येताना गाडीत अनुजा खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असेल. मला मात्र फार वाईट वाटलं. रडूच येत होतं.

१५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. तंत्रज्ञान बरोबर होतं, गावाची तयारी नव्हती. तरी काटा एक नंबर करून ठेवला, पाटी तीन. लोकांसाठी थोडं वाकावं लागतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांना फोन लावायला घेतला, तेवढ्यात तात्यांचाच आला. पावणं, काटा ऱ्हाऊ द्या, जुना बरा हाय. पाटी मातर ठिवतो. त्या तिघा चेअरमननाबी पायजे, ज्याची त्याच्या नावाची. एकच अट. त्या दिशी किटली ठिवली तरी नाव थांबलं न्हाय, ते समद्यास्नी लई आवडलं. तसंच पायजे. मधी कुणी याचं न्हाय.
अनुजाला सांगितलं. बावडा सोडायला नको म्हणून ती मनापासून हसली. मग विचारलं, काटा नाही, प्रिंटर नाही, आता हाक कोण मारणार? म्हटलं, कुणीच नाही. मधे कुणी यायचंच नाही, म्हणून इंटरप्ट सगळे बंद केले. एका ओळीत काम झालं.
फरहानला फोन करून कळवलं. तो म्हणाला, नुसत्या पाटीला तुझं कर्नल लागतच न्हाय, तिची तिला चिप हाय. तू फक्त नावं टाइप करून दे.
पहिलं नाव टाइप करायला घेतलं. संध्याकाळपर्यंत निम्मं झालं.