वकीलसाहेबांच्या खुराकाची वेळ

प्रिय बंड्या,

तबेल्यात पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून लिहितेय, कारण घरात बसवत नाही. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पण परवा जे पाहिलं त्यानं माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

आपण नवा तांबडा घोडा घेतला ते तुला माहीत आहेच. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून त्याचं नाव आपोआप वकीलसाहेब पडलं. एरवी गुणी. पाठीवर पोरं बसवा, नाल ठोका, हूं की चूं नाही. पण खुराकाची बादली दिसली की अंगात काहीतरी शिरायचं. कान मागे चिकटवायचा, दात विचकायचा, दारावर लाथा झाडायचा. एकदा तर मला खांद्यानं असं भिंतीवर चेपलं की मनगटच मोडलं. माझं प्लास्टर पाहून बाबा म्हणाले, "भुकेला असेल बिचारा. भुकेनं डोकं फिरतंच." आईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे तिचं वाक्य, बंड्या. बाबांनी ताट भिरकावलं की फरशी पुसता पुसता ती आपल्याला हेच सांगायची.

माझा हात गळ्यात, बाबांचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे खुराक द्यायचं आईच्या गळ्यात पडलं. ती दारावरूनच बादली ओतायची आणि जीव घेऊन पळायची. शेवटी मी घोडे शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी आधी डॉक्टरांकडून त्याचे दात आणि पोट तपासून घेतलं. दुखणं काही नव्हतं. मग आईला म्हणाल्या, "भूक वेगळी आणि दादागिरी वेगळी. दात दाखवले की पटकन मिळतं, हे तुम्हीच त्याला शिकवताय." मारायचं नाही, ओरडायचं नाही. पाठीशी दार उघडं ठेवून, काठी आडवी धरून उभं राहायचं आणि ठामपणे "मागे" म्हणायचं. तो मागे सरकून कान पुढे करेपर्यंत बादली खाली ठेवायची नाही, आणि केले की क्षणभरही ताटकळत ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी आईचं "मागे" शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं नाही. घोड्यानं तिच्या हातातली बादली उडवली. मी म्हटलं, जाऊ दे, आपण माणूस ठेवू. तर म्हणाली, "थांब गं जरा." रोज जात राहिली. आणि एका सकाळी ती म्हणाली, "मागे." मोठ्यानं नाही, पण तसा आवाज मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. ते अवाढव्य जनावर फुरफुरलं, एक पाय मागे गेला, मग दुसरा, कान पुढे आले. आईनं बादली ठेवली, त्याची मान थोपटली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. "एवढंच होतं?" म्हणत राहिली. "एवढंच?"

परवा दुपारी जेवण जरा उशिरा झालं. बाबांनी ताट आपटलं, नेहमीसारखे गरजले. मी सवयीनं खाली पाहिलं. आई भाजीचं भांडं हातात घेऊन उभीच. "भूक लागलीय ते कळलं," ती म्हणाली. "ओरडणं थांबलं की वाढते." मला वाटलं, आता छप्पर उडणार. बाबा लालबुंद. ते उठले, दारापर्यंत गेले. मग माझ्याकडे बघू लागले, जणू मी मध्ये पडून काही करणार होते. आई हलली नाही. बऱ्याच वेळानं ते परत येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वाढतेस का?" तिनं लगेच वाढलं, गरम गरम. मग स्वतःचं ताट घेऊन त्यांच्या समोर बसली आणि जेवली. आपल्या आईला बाबांच्या पंगतीला बसलेलं तू कधी पाहिलंयस? मी नाही. काल तर बाबांनीच तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली. मी नुसती बघत राहिले.

पण एवढं लिहायचं कारण वेगळं आहे. आज सकाळी तुझ्या लेकीचा आजीला फोन आला होता. तू वाटी फेकलीस आणि ती तिच्या आईच्या कपाळाला लागली, असं सांगत होती. वर म्हणाली, "बाबांना भूक लागली होती ना." बंड्या, तू? बाबा ओरडले की टेबलाखाली माझा हात घट्ट धरून बसायचास, तो तू? मला अजून खरं वाटत नाही. आईनं फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग खाली काढली. रविवारी ती तुझ्याकडे यायला निघतेय. मी म्हटलं, किती वाजता पोचशील ते त्याला कळवते. तर म्हणाली, "वेळ कशाला? जेवायच्या वेळेला येतेय म्हणून लिही."

तुझीच,
ताई