पंख पेटला तेव्हा

प्रिय हट्टोबा,

वेगळे झाल्यावर तुला हे पहिलंच पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घातल्या असशील, तरी शेवटपर्यंत वाच.

दोघंही वैमानिक, त्यामुळे आपल्याकडे जेवतानाही विमानंच उडायची. सगळ्यात मोठा वाद पंखाला लागणाऱ्या आगीवरून. मी म्हणायचे, सूचना क्रमाने पाळायच्या आणि लांब धावपट्टी, भरपूर बंब असलेला मोठा विमानतळ गाठायचा. तू म्हणायचास, इंजिनाची आग विझवता येते. पंखातलं इंधन पेटलं की आपल्या हातात काही उरत नाही, दिसेल तिथे उतरायचं. मी तुला घाबरट म्हणून हिणवायचे आणि तू ताट उचलून आत जायचास. पुढे आपण वादही घालेनासे झालो. मला वाटलं, चला, घरात शांतता आली.

माझ्या विमानाची बातमी तू पाहिली असशीलच. उजवं इंजिन पेटलं. ते बंद केलं, आग विझवायची दोन्ही नळकांडी रिकामी केली, तरी मागून निरोप आला की आग पंखावर पसरलीय. सहवैमानिक मोठ्या विमानतळाकडे वळू म्हणत होता, अगदी माझ्याच शब्दांत. मी म्हटलं, "नाही. खाली दिसतेय तीच धावपट्टी."

ती आखूड होती. टायर फुटले, विमान पार टोकाला जाऊन थांबलं. थांबताना ते असं वळवलं की वाऱ्याने धूर पलीकडे जावा, आणि सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवलं. तेही तुझंच सांगणं. शेवटच्या आजीबाई गवतापर्यंत पोचतायत तोवर पंख मोडून पडला. मोठ्या विमानतळापर्यंत तो टिकलाच नसता.

सगळे माझी पाठ थोपटत होते. मी तुझा नंबर काढून नुसती बघत बसले. लावला नाही. तूही फोन केला नाहीस.

काल वन्संचा फोन आला. मी अजून त्यांना वन्संच म्हणते. हृदयाच्या दुखण्याने तुझं उड्डाण कायमचं बंद झालं, म्हणाल्या. गणवेश कुणाला तरी देऊन टाकलास आणि म्हणालास, इतकी वर्षं उडलो, पण कुणाच्या कामी आलो? म्हणून हे पत्र. त्या गवतावर उभी होती ना, ती सगळी माणसं तुझ्यामुळे घरी गेली. त्यांना ते ठाऊक नाही. तुला तरी मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

भांडणापुरती का होईना,
तुझीच