मगरीच्या पोटातली वही

३ फेब्रुवारी, कुंभकोणम

पोचलो एकदाचा. मिरजेहून निघून गाड्या बदलत बदलत पाठीचं भुसकट झालं, पण इडलीबरोबर इथली ती बटाट्या-मुगाची पातळ भाजी खाल्ली, कडप्पा म्हणतात तिला, आणि सगळा शीण गेला. तीन वाट्या झाल्यावर वाढणाऱ्याने माझ्या पोटाकडे बघून चौथी न विचारताच ठेवली. गाव आवडलं मला.

न्यायला सुंदरराव आले होते, सिनेमाचे व्यवस्थापक. त्यांचं घराणं तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलं ते इथलंच झालं. 'सुखरूप पावलात काय?' असं विचारलं तेव्हा बखरीतलंच कुणी बोलतंय असं वाटलं. बाकी सगळे तमिळ, त्यामुळे माझी सगळी भिस्त यांच्यावर.

काम माझ्या सवयीचं. सिनेमा स्वस्तातला, अकरा माणसांचा. जंगलातली एक राक्षसी मगर माणसं खाते, ती मगर मी. उंची सहा फूट दोन, वजन एकशे चार. तीस वर्षं फिरत्या नाटकांत राक्षसच केले, माझा चेहरा कधी कुणी पाहिलाच नाही. तक्रार नाही.

सोळाला मिरजेत श्रीविद्याचं लग्न आहे. भाची माझी. मेव्हणे गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, माझ्याच खांद्यावर वाढली. मंगलाष्टकांना मामा पाठीशी उभा राहायचा, ते मी सोडणार नाही. तिच्या आईने, गोदाताईने, दम भरलाय, तेराच्या गाडीत बसला नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस. तिकीट या वहीच्या मागच्या पानात ठेवलंय.

४ फेब्रुवारी, बेट

शहरापासून जीपने कोल्लिडम नदी, मग परिसल, म्हणजे वेताची गोल होडी. पात्राच्या मधोमध हे बेट. डोक्याच्या वर गेलेलं गवत, बांबू, वाळू, आणि युनिटसाठी ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या. होडी सकाळ-संध्याकाळ येते. फोन एका वाळूच्या ढिगावर उभं राहिलं तरच लागतो. इथे खऱ्या मगरी आहेत का, असं होडीवाल्याला विचारलं तर त्याने मान हलवली. इकडे मान हलवली म्हणजे हो की नाही, ते मला अजून कळत नाही.

मगर पाहिली. आठ फूट उंच. रामलिंग नावाच्या माणसाने केलीय. त्याच्या घरी स्वामिमलैला पिढ्यान्‌पिढ्या पंचधातूच्या मूर्ती ओतायचं काम. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीचा गाळ लिंपायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मग साचा फोडला की मेण होतं तशीच मूर्ती बाहेर येते. मगरही त्याने तशीच बांधलीय. बांबूच्या कांबी, काथ्या, आतून गाळाचं लिंपण, वर रबर. मला दोन तास उभं करून लिंपण माझ्याच अंगावर बेतलं. सवयीने टाचेत मेण उतरायचं भोकसुद्धा ठेवलंय. मी म्हटलं, बरं झालं, घाम निघून जाईल. तो हसला नाही.

आत जागा ऐसपैस आहे. बाहीतून हात काढून घेतला की पोटात बसून लिहिता येतं, तोंडातून उजेड येतो. आत्ता तसाच लिहितोय. शेवटच्या दिवशी मगर जाळायची आहे, ती रिकामी. म्हणजे त्या दिवशी मला सुट्टी.

६ फेब्रुवारी

आज माझं डोकं फिरलं. मगरीच्या पाठीला चेन नाही. कामाक्षी नावाची बाई रोज सकाळी दाभण आणि सुतळीने मला आत शिवते, संध्याकाळी उसवते. तेही चालेल. पण मी बाहेर पडलो की रामलिंग मगरीचं तोंड ओल्या मातीने आणि पेंढ्याने बुजवतो, टाचेचं भोकही. सकाळी ती वाळलेली माती माझ्या डोळ्यांत. दोन दिवस डोळे चोळतोय.

सुंदररावांनी विचारून सांगितलं, त्याच्या घरची रीत आहे. मेण उतरलेला साचा त्याच दिवशी ओतायचा. रिकामा ठेवायचाच झाला तर तोंड बुजवायचं, नाहीतर दुसरंच काही भरतं, आणि ज्याचा आकार आत आहे त्याचं मेण होतं. मी म्हटलं, माझं मेण व्हायला कढई मोठी लागेल. दिग्दर्शक विष्णुवर्धनलाही रोज अर्धा तास वाचवायचाच होता. बुजवणं बंद. रामलिंगने नदीत हात धुतले आणि संध्याकाळच्या होडीने नाचियार्कोविलला निघून गेला, तिथे म्हणे समयांचं काम मिळालंय.

जरा वाईट वाटलं. पण डोळे माझे आहेत.

८ फेब्रुवारी

पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. घामाने असेल. मगर मात्र जड झालीय, आतून सकाळी ओली असते आणि नदीचा वास येतो. आवाजही बसलाय माझा.

कामाक्षीने खुणेने सांगितलं की माझं गाणं छान आहे. मी कुठे गायलो? सुंदररावांनी नीट विचारलं. ती म्हणते, सकाळी मगरीच्या झोपडीत शिरायच्या आधी आतून ऐकू आलं, मोठ्या खर्जातलं. त्या वेळी मी नदीवर दात घासत होतो.

९ फेब्रुवारी

विष्णुवर्धनने लॅपटॉपवर कालचं चित्रण दाखवलं. मगर पाण्यातून वर येते, थांबते आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघते. अंगावर काटा आला. त्याने माझी पाठ थोपटली. पण मी हे केलेलं नाही. मी पाण्यात उतरलोच नाही. ते चित्रण झालं तेव्हा कामाक्षीने मला जेवणापुरतं उसवून बाहेर काढलं होतं, मी बांबूखाली दहीभात खात होतो. सांगितलं तर त्याला चेष्टा वाटली.

मीही हसलो. दुसरं काय करणार?

१० फेब्रुवारी

सकाळी आत शिरलो तर गरम. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं. माझी बोटं टोकाशी मऊ पडलीत, पेन्सिल धरली की खळगा पडतो आणि तसाच राहतो. सुंदररावांना म्हटलं, मला आजच जाऊ द्या, मी काम सोडतो. ते म्हणाले, वरून पाणी सोडलंय, होडी तेरापर्यंत यायची नाही. खूप समजूत घातली त्यांनी. चांगला माणूस आहे. पण होडी नाही.

११ फेब्रुवारी

ढिगावर जाऊन ताईला फोन लावला. माझ्या तोंडून नुसती कुजबुज. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ती चिडली. म्हणाली, चेष्टा पुरे, माझा भाऊ आत्ताच अर्धा तास बोलला माझ्याशी, चांगला खणखणीत. मामाने नेमकं कुठे उभं राहायचं ते विचारत होता.

फोन ठेवला तिने. मला रडू आलं.

१२ फेब्रुवारी

कामाक्षीकडे चहा मागितला. तिने दोन बोटं दाखवली — दुसऱ्यांदा मागतोस.

वळलो तर बांबूपलीकडे एक माणूस चालत होता. माझा निळा सदरा. पाठीवर घट्ट बसलेला, मला बसायचा तसा. आता तोच सदरा माझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबतो — म्हणजे सदरा माझ्या अंगात आहे, आणि त्याच्याही.

मागे धावलो. पाय दुमडतात. वाळूत ठसे, माझ्याच मापाचे. कडक उन्हात ओले. हात लावला, पाणी वर येत होतं.

मगरीच्या झोपडीत गेलो. मगर उभीच, पाठ उसवलेली, आत कुणी नाही. लिंपणात माझं पोट, माझे खांदे — नाकसुद्धा. तोंड बुजवायला माती घेतली. पण उशीर झाला होता. मागून कुणीतरी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. ओला हात.

१३

आत आहे. पाठ शिवलेली. कामाक्षीचा टाका नाही हा — जाड, वेडावाकडा.

ओरडतो, आवाज नाही. ठोकलं. ओल्या लिंपणावर मऊ मुठीचा आवाज होत नाही.

तोंडातून दिसतंय. मगर वाळूवर आणलीय. सभोवती लाकडं. आज जाळायची. रिकामी.

तो चहा पितोय. माझा पेला. सुंदरराव त्याच्याशी बोलतात, तो हसतो, माझंच हसू. पोट हलतं. सगळ्यांनी त्याचा निरोप घेतला. होडी आलीय.

मागचं पान पाहिलं. तिकीट नाही.

विष्णुवर्धन कॅमेऱ्यामागे. कामाक्षी डबा घेऊन — रॉकेलचा वास. कामाक्षी, इकडे बघ. तोंडात बघ —

तो ढिगावर, फोनवर. ऐकू येतंय. ताई, निघालो गं. पोरीला सांग, मामा येतोय.

गरम होतंय. बोटं पेन्सिलीला चिकटली. माझं काही राहिलं नाही आता. वही पायातून खाली सोडतो, टाचेचं भोक मोठं आहे, वाळूत पडेल. सुंदरराव, तुम्हालाच वाचता येईल. ताईला कळवा. सोळाच्या आत. फोन करा, माणूस पाठवा —

ताई, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी तिच्या पाठीशी जो उभा असेल त्याच्या पायाखाली बघ. फरशी ओली असेल. ओली असेल तर अक्षता टाकू नका, पोरीला आधी तिथून ओढून —